टपालाचा प्रोग्राम आणि आमची राणी

आमच्या प्रिंटरचा कागद एकसलग असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना भोकाभोकाच्या पट्ट्या असतात. छापून झालं की त्या पट्ट्या फाडायच्या, हे माझं काम. रोज एक पोतं भरतं. ते खाली नेऊन टाकते, हुश्श करते, आणि वर येऊन बघते तर दुसरं पोतं अर्धं झालेलं! आमच्या ऑफिसातल्या गमतींचंही तसंच आहे. संध्याकाळी नवऱ्याला एक सांगून संपवावी, तर सकाळी दोन नवीन. तो म्हणतो, "सुशे, तुमच्यात काम कवा करत्यात गं?" आता त्याला काय सांगू! म्हटलं, एकदा लिहूनच काढावं म्हणजे पोतं रिकामं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं तुम्हीच सांभाळून घ्या.

आधी ऑफिस सांगते. बेळगावच्या उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कारखान्यावर, जिना चढून गेलं की एक खोली आहे. खाली भट्टीचा ताव आणि वर एसी! मालक म्हणजे आप्पा. ते बसतात निपाणीला. त्यांचं आणखी एक ऑफिस संकेश्वरला आहे. तिन्ही ठिकाणी एकेक कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडलाय, आणि ही मशीनं एकमेकांना फोन लावून पत्रं देतात-घेतात. ते ज्याच्यावर चालतं तो टपालाचा प्रोग्राम आमच्या खोलीत लिहिलेला. लिहिणारे दोघं. भरमूअण्णा चिकोडीकडचे, वयानं मोठे, रागावले की कानडीत जातात. मिलिंद माझ्या माहेरच्या गल्लीतला, निपाणीचा, नुकताच इंजिनियर झालेला. मला आक्का म्हणतो.

प्रोग्राम एकदा लिहिला की झालं, असं मला वाटायचं. पण तसं नसतं बरं का! तो रोज कुठंतरी बिघडतो आणि रोज दुरुस्त करावा लागतो. त्याच्या मूळ लिखाणाला हे दोघं 'सोर्स' म्हणतात. तो सोर्स एका काळ्या फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे कागदासारखं पातळ, चौकोनी पाकीट आणि आत चकती. तिला मी देव्हाऱ्यातल्या देवासारखी पुसायची. म्हणजे वरून, फडक्यानं, हात न लावता.

* * *

राणी, माझी मुलगी, तेव्हा नुकती रांगायला लागलेली. सासूबाई कडोलीला शेतात, आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत, नवरा फौंड्रीत पाळीला. शेजारच्या मावशी राणीला बघायच्या. एक दिवस मावशी लग्नाला गेल्या. मी नवीन, रजा मागायची सोय नाही. घातली राणीला कुंची आणि आले घेऊन!

आप्पांचा नियम दारावरच लावलेला. मशीनच्या खोलीत बाहेरचं माणूस नाही, चप्पल नाही, खाणं नाही. आता राणी बाहेरचीच होती आणि दिवसभर काही ना काही खातच असायची. चप्पल तेवढी नव्हती.

कागदाच्या रिकाम्या खोक्यात पट्ट्यांची गादी केली, तिला झोपवली आणि खोकं टेबलाखाली सरकवलं. सगळा जीव त्या खोक्यात. कागद नाकावर येईल का, मुंगी चढेल का, एसीनं सर्दी होईल का!

आमच्याकडं मोडेम म्हणून एक डबी आहे. पलीकडचं मशीन लागलं की ती आधी बारीक शीळ घालते, मग किंचाळते, मग घसा खरवडते. नेमकी राणी झोपेतून उठते तशी.

राणी उठली.

"मिलिंदा! निपाणी लागली रं!" भरमूअण्णा खुर्चीतून उडालेच.

"अण्णा, फोन तर खाली ठेवलाय की."

"मग आवाज कुठनं यायलाय? आणि एवढा जोर! आज लई पत्रं दिसत्यात."

अण्णांनी मोडेमला कान लावला. मग प्रिंटरला लावला. मग गुडघ्यावर बसले आणि पांढरे झाले. "मिलिंदा... खोकं रडायलंय!"

मी खोकं बाहेर ओढलं. "अण्णा, पोरगी हाय."

"कुणाची?"

"माझीच की."

अण्णांनी तिला उचललं. राणी एकदम गप्प झाली आणि त्यांचा चष्मा ओढायला लागली. अण्णा मिलिंदला म्हणाले, "निपाणीपेक्षा लवकर लागती रं ही! आणि लाईन बी क्लिअर!"

पुढं मावशी लेकीकडं राहायलाच गेल्या आणि राणी रोजची झाली. पण मी रोज अण्णांना विचारायची, "आप्पांना कळलं तर?"

"आप्पा निपाणीला. ह्यो जिना कवा चढलेत ते?"

"चढले तर?"

"चढले तर बघू."

त्यांचं 'बघू' सोपं होतं. माझी नोकरी गेली तर मला माहेरी जाऊन आईबरोबर वखारीत बसावं लागणार होतं, राणीला घेऊन. वखारीतल्या धुरळ्यानं आईचा खोकला कसा झालाय ते मी ऐकते ना! राणीला तिथं न्यायचं नाही, एवढं एकच माझं ठरलेलं. बाकी काहीच ठरलेलं नव्हतं.

* * *

आप्पांचं तर विचारूच नका. माणूस चांगला, पण सगळा जन्म तारा करण्यात गेलेला. शब्दागणिक पैसे पडतात, ही सवय काही सुटेना. कॉम्प्युटरवर पत्र लिहायचे तेसुद्धा 'माल पाठवा आप्पा' एवढंच. एकदा मिलिंदनं सांगून बघितलं, "आप्पा, कितीबी लिवा, ह्यात शब्दाला पैसे न्हाईत." पुढचं पत्र आलं, 'कळले आप्पा'.

आणि पत्र लिहून झालं की आप्पा लगेच फोन लावायचे. "पोचलं काय रे?"

आता गंमत बघा. आमच्या ऑफिसात फोन एकच. पत्र यायचं तेही त्याच फोनच्या तारेतून. आप्पा फोनवर असेपर्यंत पत्र येणार कसं?

"न्हाय आप्पा, अजून पोचलं न्हाय."

"का पोचलं न्हाय? मी धरतो फोन. तू बघ." आणि ते धरून बसायचे! पाव पाव तास! मशीन बिचारं पलीकडून फोन लावून लावून दमायचं.

शेवटी मिलिंदनं धीर केला. "आप्पा, तुम्ही फोन खाली ठेवला की पत्र पोचतंय."

"बरं. पण फोन खाली ठेवल्यावर पोचलं ते मला कसं कळणार?"

"आम्ही उलट पत्र पाठवू की."

आप्पा म्हणाले, "हां, हे झ्याक. आणि तुमचं उलट पत्र मला पोचलं, हे तुम्हाला सांगायला मी फोन करतो!"

* * *

आता राणी 'कायम' कशी झाली ते सांगते.

खोलीत मशीनं दोन, माणसं दोन, आणि सोर्स एक. भरमूअण्णा सकाळी फ्लॉपीवरून सोर्स आपल्या मशीनवर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि परत फ्लॉपीवर ठेवायचे. मधल्या वेळात मिलिंदनंही तोच सोर्स आपल्याकडं घेतलेला असायचा. तो दुसरंच काहीतरी दुरुस्त करायचा आणि ठेवायचा. जो शेवटी ठेवेल त्याचं राहायचं, आधीच्याचं पुसून जायचं. दोघांनी एकाच पातेल्यात आळीपाळीनं स्वैपाक करावा, आणि प्रत्येकानं आधी पातेलं घासून घ्यावं, तसं!

एकदा संकेश्वरची पत्रं फिरून संकेश्वरलाच जायला लागली. अण्णांनी तीन दिवस खपून ते नीट केलं. मिलिंदनं संध्याकाळी आपलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी संकेश्वरची पत्रं पुन्हा संकेश्वरला!

"मिलिंदा! माझी दुरुस्ती कुठं गेली?"

"मला काय ठाऊक? मी फक्त तारीख छापायचं नीट केलंय."

"तारीख! तारखेचं काय लोणचं घालतोस?" आणि मग कानडी सुरू झालं.

बोलणं बंद. एकमेकांपासून दोन हातांवर बसून सगळं माझ्या मार्फत. "आक्का, त्याला सांग, फ्लॉपी दे." "आक्का, त्यांना सांगा, मागितल्याशिवाय मिळायची न्हाय." मी मधे उभी, हातात चहाचा ट्रे, कडेवर राणी. ट्रे कलायला लागला तशी मी घाबरून राणीला अण्णांच्या हातात कोंबलं.

अण्णा टाईप करायला गेले. एका हातात राणी. दुसऱ्या हातानं एक अक्षर दाबलं, तर राणीनं चार दाबली. अण्णांनी तिला सरकवलं, ती परत आली. शेवटी त्यांनी हात टेकले. "मिलिंदा, तू लिव बाबा. माझ्याकडं पोर हाय. मला काय लिवता येत न्हाय."

मिलिंदनं लिहिलं. मग राणीला घेऊन त्यानं अण्णांना लिहू दिलं. त्या दिवशी कुणाचंच पुसलं नाही!

तेव्हापासून ठरलं. राणी ज्याच्याकडं, त्यानं प्रोग्रामला हात लावायचा नाही. एका वेळी एकानंच लिहायचं, दुसऱ्यानं राणी धरायची. अण्णांनी तर भिंतीवर खडूनं लिहिलं, 'प्रथम राणी बघावी'.

आणि मी अजून हंगामीच! माझ्या आधी माझी पोरगी कायम झाली.

* * *

नियम चांगला होता, पण माणसं ती माणसंच.

काम सोपं असलं की राणी कुणालाच नको असायची. "घे रं तिला, मला पाचच मिनिटाचं काम हाय." आणि कुठं अवघड बिघाड आला, दोन दिवस सापडेना, की दोघांच्या मनात एकदम माया दाटून यायची!

"आण गं आक्का, लई दिवस झालं पोरीला घेतलं न्हाय."

"अण्णा, आत्ता तर घेतलीती! माझ्याकडं द्या, मला मामा म्हणती ती."

"कवा म्हणाली?"

"मनात म्हणती."

एकदा असंच अण्णांनी मोठ्या मायेनं तिला ओढून घेतलं आणि राणीनं त्यांच्या मांडीवर जे करायचं ते केलं. अण्णांनी त्या क्षणी तिला मिलिंदच्या हातात दिलं आणि नियमाप्रमाणं त्यांना लिहायला बसावं लागलं. एसीचा वारा सुटलेला, पँट ओली. जो बिघाड दोन दिवस सापडत नव्हता, तो अण्णांनी दहा मिनिटांत काढला आणि घरी पळाले.

मिलिंद म्हणाला, "आक्का, उद्यापासनं हिला जरा पाणी जास्त पाजत जा."

मला मात्र काळजीच काळजी. पडद्याच्या उजेडानं पोरीचे डोळे जातील का? त्या शिळेनं कान जातील का? एखादा स्क्रू गिळला तर? रोज मी खाली वाकून स्क्रू मोजायची. भर मे महिन्यात तिला स्वेटर, मोजे, कुंची घालून बसस्टॉपवर उभी राहायची, आणि सगळी बस आम्हाला बघायची. नवरा विचारायचा, "पोरगी काश्मीरला कामाला हाय काय?"

* * *

सोर्समध्ये प्रोग्रामच्या ओळींबरोबर माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या ओळीही असतात, हे मला मिलिंदनं सांगितलं. मशीन त्या ओळी वाचत नाही, सोडून देतं. कुठं काय केलंय ते पुढच्याला कळावं म्हणून त्या असतात. आमच्या सोर्समध्ये अण्णांनी एके ठिकाणी लिहून ठेवलं होतं, "खालची ओळ काढू नये. का ते मलाबी ठाऊक न्हाय. जो काढंल त्याच्या चहात मीठ."

मिलिंद नवा होता, शिकलेला होता. "अण्णा, ह्या ओळीचा काय उपयोगच न्हाय! काढतो."

"राहू दे म्हणतो न्हवं."

"कारण सांगा, मग ठेवतो."

"कारण ठाऊक असतं तर मीठ कशाला लिवलं असतं?"

मिलिंदनं ओळ काढली. निपाणीची पत्रं बंद! आप्पांचा फोन सुरू! मिलिंदनं घाईघाईनं ओळ जशीच्या तशी परत घातली, आणि पत्रं पुन्हा सुरू झाली. का, ते त्यालाही कळलं नाही. घाम पुसत त्यानं खाली आपली एक ओळ वाढवली, "खरंच काढू नये."

अण्णा माझ्याकडं वळले. "आक्का, प्रोग्राममध्ये काय लिवलंय?"

"काय हो?"

"मीठ लिवलंय. कर."

लिहिलंय म्हटल्यावर मी काय करणार? केलं! मिलिंदनं चहाचा घोट घेतला आणि तोंड जे झालं ते अजून आठवतं.

अण्णा म्हणाले, "दोन वर्षं ह्या प्रोग्रामवर मरतोय मी. पहिल्या झटक्यात बरोबर चाललेली मिठाची ही एकच ओळ!"

* * *

मग मिलिंदनं एक नवी सोय काढली. आलेल्या पत्राला मशीननं आपलं आपणच उत्तर द्यायचं, 'पत्र पोचले'. आप्पांचा फोन वाचावा म्हणून. सोय झकास होती. ती त्यानं संकेश्वरच्या मशीनलाही घातली.

सकाळी संकेश्वरहून एक साधं पत्र आलं. आमच्या मशीननं उत्तर दिलं, 'पत्र पोचले'. ते संकेश्वरला पोचलं. त्या मशीननं कळवलं, 'पत्र पोचले'. आमच्यानं त्यालाही कळवलं...

दोघं जेवायला गेलेले. खोलीत मी, राणी आणि प्रिंटर. प्रिंटर थांबेचना! मी पट्ट्या फाडतेय, फाडतेय, पोतं भरलं, दुसरं भरलं, राणी पट्ट्यांच्या ढिगात दिसेनाशी झाली. मला वाटलं, संकेश्वरला नक्की काहीतरी आक्रीत घडलंय! कुणी गेलं की काय? वाचून बघावं तर प्रत्येक कागदावर इंग्रजी अक्षरांतली तीच ती ओळ, मला काही लागेना.

दोघं परत आले. अण्णांनी कागद बघितला, धावत जाऊन फोनची तारच उपटली आणि खाली बसले.

"अण्णा, काय झालंय संकेश्वरला?" माझा आवाज रडवेला.

"काय न्हाय गं. लग्नात दोन विहिणी भेटल्यात. तुम्ही आधी बसा, न्हाय तुम्ही आधी बसा. सकाळधरनं दोघी उभ्याच!"

* * *

खंडेनवमीला उद्यमबागेत सगळ्या यंत्रांची पूजा असते. लेथला हार, भट्टीला नारळ. आप्पांचा निपाणीहून निरोप आला, कॉम्प्युटरची पण करा. 'पूजा करा आप्पा.'

मिलिंद म्हणाला, "माझं काय देवाधर्माचं न्हाय. मी राणीला धरतो, तुम्ही करा. मी पेढ्याला येतो."

अण्णा मोठे श्रद्धेचे. त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, प्रिंटरला वाहिलं, मोडेमला छोटा हार घातला. मग सोर्सची फ्लॉपी पाटावर ठेवली. आता त्या फ्लॉपीला वरून काळं कव्हर असतं, आणि मधे एक लांबट खिडकी असते. तिथं आतली चकती तेवढी चकचकीत, उघडी दिसते. अण्णांनी आयुष्यभर देवाच्या कपाळाला कुंकू लावलेलं. उघडं, चकचकीत, मधोमध दिसलं, त्यांचं बोट आपोआप तिथंच गेलं. छान दाबून लावलं. वर अक्षता.

दुसऱ्या दिवशी ती फ्लॉपी मशीनमध्ये घातली, तर मशीन खरखर करून गप्प.

मिलिंदनं फ्लॉपी बाहेर काढली. बघितली. परत बघितली. "अण्णा... सोर्सला कुंकू लावलं?"

अण्णांचा चेहरा उतरला.

"जाऊ दे," मिलिंद म्हणाला, "नकलेची दुसरी फ्लॉपी हाय न्हवं कपाटात? तिला तर न्हाय ना लावलं?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "एकीला लावलं आणि दुसरीला न्हाय, हे बरं दिसलं असतं काय रं?"

* * *

चालू प्रोग्राम मशीनमध्ये होता, त्यामुळं पत्रं जात-येत होती. पण मशीनवर जागा कमी म्हणून सोर्स तिथं ठेवत नसत, तेव्हा फ्लॉपी गेली म्हणजे दुरुस्ती बंद, बदल बंद. एकच आधार होता. मागं कधीतरी छापून ठेवलेला सोर्सचा कागदी गठ्ठा. तो बघून सगळं पुन्हा टाईप करायचं.

गठ्ठा मिळाला. राणीच्या खोक्यात, गादीखाली. आणि त्यातलं एक पान राणीनं चघळून चघळून त्याचा लगदा केलेला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी लगदा उजेडाला धरला. "गेलं. कुठलं पान हाय ते तरी बघा."

मिलिंदनं मागचं पुढचं पान बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. "ही मिठाची ओळ!"

"आता ती ओळ काय होती ते कुणाला ठाऊक?"

"मला ठाऊक हाय, अण्णा! अख्खं पान पाठ हाय! तो चहा मी मरेस्तोवर विसरणार न्हाय!"

दोघांनी गठ्ठा अर्धा अर्धा वाटून घेतला. दोघंही दोन मशीनवर बडवायला लागले. त्यामुळं झालं काय, की राणीला धरायला कुणीच मोकळं नाही, आणि मला अक्षरं वाचून दाखवायला बसवलेलं.

नेमकं तेव्हाच निपाणीहून आप्पांचं पत्रावर पत्र यायला लागलं. त्यांना प्रोग्राममध्ये एक बदल हवा होता. बाकी सगळी पत्रं मागं ठेवून त्यांचं पत्र आधी जावं. 'बदल करा आप्पा.' 'बदल काय झाला आप्पा.' करणार काय, सोर्सच नाही! आणि हे सांगायचं कुणी? अण्णा म्हणायचे मिलिंदनं, मिलिंद म्हणायचा कुंकू कुणी लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, जड. मग दाराबाहेर चप्पल काढल्याचा आवाज.

"आप्पा!" अण्णा पुटपुटले.

मी राणीला उचलली, खोक्यात घातली, वर पट्ट्या टाकल्या, खोकं टेबलाखाली लोटलं आणि समोर उभी राहिले. डोळ्यांपुढं वखार आली, आईचा खोकला आला.

आप्पा आत आले. पांढरं धोतर, काळी टोपी. कुणाकडं न बघता खुर्चीत बसले. "बदल का झाला न्हाय?"

अण्णांनी मिलिंदकडं बघितलं, मिलिंदनं अण्णांकडं.

आणि टेबलाखालून आधी बारीक शीळ आली, मग किंकाळी, मग घसा खरवडल्याचा आवाज.

आप्पांचा चेहरा फुलला. "लागलं! संकेश्वर लागलं काय रे? वा! मी समोर असताना पहिल्यांदा लागलं!"

"व्हय आप्पा, संकेश्वरच," मिलिंद म्हणाला.

"लई जोरात हाय की!"

"पावसाळी हवा हाय, आप्पा."

तेवढ्यात खोकं हललं, उलटं झालं, आणि संकेश्वर पट्ट्यांच्या माळा गळ्यात घालून रांगत बाहेर आलं. तडक आप्पांकडं गेलं. त्यांचं धोतर धरून उभं राहिलं. उभी राहिली नव्हती हो ती याआधी कधी! पण मला कौतुक करायला जीव कुठं होता?

"हे काय?" आप्पा म्हणाले.

मिलिंदच पुढं झाला. एका वेळी एकानंच लिहायचं, नाहीतर एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो, म्हणून राणी ज्याच्याकडं त्यानं प्रोग्रामला हात लावायचा नाही, असं सगळं त्यानं भडाभडा सांगून टाकलं. खंडेनवमीचं तेवढं गाळलं. आप्पा भिंतीकडं बघत होते. 'प्रथम राणी बघावी.'

"नाव राणी?"

"व्हय जी," मी कशीबशी म्हणाले.

राणीनं हात वर केले. आप्पांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. तिनं त्यांची टोपी काढली आणि चावायला घेतली. मला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं.

आप्पांनी टोपी तिच्याकडंच राहू दिली. मग कामाची आठवण झाल्यासारखं एकदम म्हणाले, "बरं, तो बदल. माझं पत्र सगळ्यात आधी जायला पाहिजे. आणि आणखी एक करा, त्याच्यावर माझं नाव मोठ्या..."

"आप्पा," भरमूअण्णा म्हणाले. सवयीनं हो, निव्वळ सवयीनं! "पोर तुमच्याकडं हाय. आता तुम्हाला प्रोग्राममध्ये हात घालता येत न्हाय."

मिलिंदनं कपाळावर हात मारला.

आप्पांनी अण्णांकडं बघितलं. मिलिंदकडं बघितलं. राणीच्या तोंडातून टोपी सोडवली, तिला माझ्या हातात दिलं, ओली टोपी डोक्यावर ठेवली आणि जिना उतरून गेले.

अण्णा डोकं धरून बसले. मी खोकं रिकामं केलं, राणीची कुंची, दुधाची बाटली, खुळखुळा पिशवीत भरला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, गेली नोकरी. तो राणीला घेऊन दारात बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेल्या दिवसांचा पगार मागायला म्हणून गेले. राणी कडेवर, आता लपवायचं काय उरलंय! दोघांनी रात्रीत टाईप संपवलेलं, डोळे लाल. सोर्स नव्या फ्लॉपीवर चढलेला, आणि फ्लॉपी अण्णांनी कपाटात सगळ्यात वर, कुंकवाचा हात पोचणार नाही अशी ठेवलेली.

मोडेमनं शीळ घातली. किंचाळलं. सगळ्यांनी आधी राणीकडं बघितलं. राणी गप्प होती.

"निपाणी," मिलिंद म्हणाला.

प्रिंटर चालला. कागद बाहेर आला. मी सवयीनं पट्ट्या फाडल्या आणि कागद त्याच्या हातात दिला. मिलिंदनं वाचला. मग मोठ्यानं वाचला.

'बदल तीन आहेत. आधी कळवा. राणी कुणाकडे आहे? आप्पा.'